खांबावरचा डाग

अण्णा,

आज रविवार. सकाळी पेंटर आला, दुपारी गेला. उद्या ओसरीतल्या गोल खांबाला टाइल्स बसणार होत्या, म्हणून आधी तो खरवडून घ्यायचा होता. तुम्ही गेल्यापासून या घराला कितीदा तरी रंग दिला, पण तुमच्या डोक्याच्या तेलाचा डाग दरवेळी वर येतोच.

"ताई, इथं कोन टेकतंय?" पेंटरनं विचारलं.

"कुणी नाही. मी एकटीच असते."

"मंग पाहुना लई तेल लावतोय म्हना की!" तो हसला. मग बोट पुढं केलं. "हे बघा, ओलं हाय."

मला हसू आलं नाही.

मी पॉलिटेक्निकला होते तेव्हाची गोष्ट. गोळा नळकांड्यात थोडा घुसला तर दोघं भेटतात तिथली रेघ कशी येईल, ते मला ड्रॉइंगमध्ये जमत नव्हतं. मी दरवेळी वर्तुळ काढायचे. तुम्ही कारखान्यात दिवसभर ड्रॉइंग काढून आलेले, तरी स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसता. रबरी चेंडू निळीत बुडवून तुरीच्या गोल डब्यावर दाबता. डब्यावर ठसा उमटतो, तो गोल नसतो, उभट असतो, अंड्यासारखा.

"माझ्या डब्याची पार वाट लावली की!" आई ओरडते.

"पुसून देतो, थांब जरा," तुम्ही तिला सांगता आणि माझ्याकडं वळता. "माय, मनानं काढू नको, दाबून बघ. आन् ठसा कुठं पडला ते बघ. चेंडू उचलला तरी तो कुठल्या अंगाला होता ते ठसाच सांगतो."

मग तुम्ही मला पाठ फिरवायला लावायचात, ठसा उमटवून चेंडू लपवायचात आणि म्हणायचात, "सांग आता."

पुढं मला नोकरी लागली. संध्याकाळी तुम्ही त्या खांबाला डोकं टेकून, फाटकाकडं तोंड करून बसायचात. मी आले की "आलीस का माय" एवढंच म्हणून उठायचात. म्हणून डाग कायम फाटकाच्या बाजूला असायचा.

आज तो तिथं नव्हता. तसाच उभट, तेवढ्याच उंचीवर, पण खांबाच्या अंगावरून सरकून स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलेला. पेंटरला थांबवून मी कागद घेतला. खांबाचं वर्तुळ, खिडकी आणि ओटा काढला, डागाची जागा मोजून मांडली आणि मध्यापासून डागातून रेघ ओढली. ती खिडकीतून आत येते आणि ओट्याशी, मी उभी राहते तिथं पोचते. खोडून पुन्हा काढली. तिथंच आली.

टाइल्सवाल्याला फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं, मी फोन ठेवला. हे पत्र तरी कुठं टाकणार? खरं सांगते अण्णा, मला भीती वाटते. पण मी घरात आले हे तुम्हाला कळलंय, म्हणून तुम्ही आता फाटकाकडं नाही, माझ्याकडं तोंड करून बसता, असंही वाटतं.

आता दिवे लागायची वेळ झाली. मी खिडकी लावून घेतली. मग कडी काढून एक झडप थोडी उघडी ठेवली, खिडकीकडं पाठ केली आणि तांदूळ धुवायला घेतले.