जॉइंट नंबर चौदा

रास तनुरा
१२ मार्च २००४

ती. विनयदादास समाधानचा नमस्कार.

कंबर कशी आहे? कॉलेजच्या लॅबमधली स्टुलं अजून तूच उचलतोस का? मी अंगाने बरा आहे, डोक्याचं तुला ठाऊकच. (अमिताचं मी विचारलेलं नाही, हे ध्यानात घे.)

इथे कॅम्पमागच्या वाळूत भर उन्हात लांब पायांवर पळणारे काळे भुंगेरे असतात. आमच्या खोलीतले दाभोळचे हारूनभाई त्यांना सुपरवायझर म्हणतात, कारण धावपळ फार आणि काम दिसत नाही. प्रजाती अडेस्मिया, एवढं मी (कॉलेज सोडताना चुकून सोबत आलेल्या) पुस्तकातून काढलं. पण त्यातली जात ओळखायची तर पाठीवरच्या दाण्यांच्या ओळी भिंगातून मोजायच्या, कुठली ओळ कुठे मिळते ते बघायचं. एवढा धीर असता तर प्रॅक्टिकलला सरांच्या टेबलावर ट्रे आपटून मी निघालो असतो का? त्या दिवशी अमिता जिन्यात एवढंच म्हणाली, "समाधान, तू बघत नाहीस, आधी ठरवतोस." मी तडक पासपोर्ट काढायला गेलो.

तर दोन भुंगेरे असे सापडले की पाठीवर पांढुरका थर. बाकी सगळे काळेकुळकुळीत. मी ठरवलं, नवीन जात. पाइपच्या प्रत्येक जोडावर आम्ही पेंट मार्करने नंबर टाकतो, तसे यांच्या पाठीवरही टाकले, तेरा आणि चौदा (एक ते बारा आधी पकडलेले काळे), आणि डब्यात ठेवले. चौदा डब्यातून निसटला आणि वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या ड्रॉइंगवर चढला. ते नेमके जॉइंट नंबर चौदाच शोधत होते. त्यांनी भुंगेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. (मार्कर माझ्या खिशात.) मी भांडलो, हे वेगळं सांगायला नको. शेवटी नंबर पुसायचा हुकूम झाला. थिनरच्या बोळ्याने पुसला, तर नंबराबरोबर पांढरा थरही गेला. खाली तोच काळा. मग मी पहिल्यांदा भिंग धरून ओळी मोजल्या. इन्स्पेक्टरही खुर्ची ओढून मोजायला बसले. बाकीच्यांच्या होत्या तेवढ्याच. थर मेणासारखा असावा, वाळूत घासून जात असावा. पण हे मी ठरवलेलं नाही. तेरा नंबर न पुसता ठेवलाय, रोज बघतो.

तुझा,
समाधान

ता. क. गेल्या आठवड्यात अमिताला कॉलेजच्या पत्त्यावर पत्र टाकलंय, की मी भुंगेऱ्याची नवीन जात शोधली आणि त्या जातीला अमिताचंच नाव देतोय. एम.एस्सी.वाल्यांचं टपाल तुझ्याच हातून जातं. तेवढं दाबून ठेव.

ता. क. २. देऊन झालं असेल तर वाचताना तिचा चेहरा कसा होता ते कळव. हसली की चिडली हे तू ठरवू नकोस, दादा. दिसलं तेवढंच लिही.