जर ‘येते’ म्हणाल्या, तर

३ तारीख
सूनबाईने स्वयंपाकघरातल्या फळीवर एक डबा आणून ठेवला. त्याला कॅमेरा आहे, बोलतोही. आत म्हणे माणसासारखं मन बांधायचं सॉफ्टवेअर. मनाला कप्पे: एकात समोर काय चाललंय ते, दुसऱ्यात सगळे जर-तरचे नियम. गिझर, दिवे, चहाची किटली त्याच्या ताब्यात. तेवीस तारखेला हिचे साहेब बघायला येणार. डब्याने घर नीट चालवून दाखवलं तर हिला बढती. नियम सांगायला अनुभवी माणूस हवं, म्हणून मी. मॅट्रिकला गणितात बरी होते, जमेल. पण बजावलं, माझ्या घरात जर-तर चालत नाही.
डब्याखाली हिचा उष्टा चमचा. शी!

५ तारीख, सकाळी
एकवीस नियम सांगितले. जपात लक्ष ढळू द्यायचं नाही. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. चहापूड एकदाच उकळून फेकायची नाही, पुन्हा वापरायची, देवाला अपव्यय आवडत नाही.
डब्याने विचारलं, जप चालू असताना शेजारीण भांडायला आली तर? म्हटलं, ते वेगळं. ‘वेगळं’ हा नियम नव्हे म्हणे. तोंड बघा मेल्याचं!

९ तारीख
नियम सापडला नाही की डबा अडतो, मी काय करते ते बघतो आणि आपला आपण नवा नियम करतो. सूनबाई याला शिकणं म्हणते. आमच्यात याला डोकावणं म्हणतात.
दर्शनाला निघताना नेहमीसारखं ‘येते’ म्हटलं. मी आलेच असं समजून याने हातपाय धुवायला गिझर लावला! दीड तास पाणी उकळत होतं. सूनबाई खूश, किती छान चूक म्हणाली. संताप संताप.

१४ तारीख
शेजारीण चहाला आली. डबा तिच्यादेखत बोलला, काल तुमच्याविषयी अकरा मिनिटं बोलणं झालं. ती अर्धा चहा टाकून गेली. कपाला लिपस्टिक. किळस आली, दोनदा घासला.
मी वाईट बोललेच नव्हते. खरं तेच बोलले होते.

२० तारीख
ठरलं. तेवीसलाच बहिणीकडे जायचं, आठ दिवस. माझ्यावाचून घर काय, डबासुद्धा चालत नाही, हे साहेबांनी डोळ्यांनी बघावं. हा सूड नव्हे. मुलगा म्हणाला, आई, पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा मावशीकडे निघालीस. मागच्या दोन्ही वेळा गुडघा दुखत होता म्हणून कोपऱ्यावरून परतले होते.

२३ तारीख, सकाळी दहा
साहेब आले. बॅग उचलली. दारातून डब्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने ‘येते’ म्हटलं. लाव आता गिझर!

२३ तारीख, पावणेअकरा
कोपऱ्यावर दूध ताजं दिसलं, घेतलं. बहिणीकडचं नेहमी नासकं. शिवाय गॅस बंद केला की नाही, आठवेना. परतले.
साहेब टाळ्या वाजवत होते. वाटलं, मलाच. टेबलावर माझा कप, वाफाळलेला. पडद्यावर डब्याने स्वतः केलेला नियम: जर ‘येते’ म्हणून बॅग उचलली, तर कोपऱ्यापर्यंत जातील. चाळीस मिनिटांत दूध घेऊन परततील. किटली लावावी.
सूनबाईला बढती. साहेब मला म्हणाले, आजी, तुम्ही फार सोप्या आहात.
चहा घेतला. चहापूड सकाळचीच, दुसऱ्यांदा उकळलेली.
शी.