देशाची प्रगती आणि निरूचा चक्का

मांजलपूर, बडोदे
रविवार

ती. पद्माताईस, सदानंदाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्याने तो कागदावरच घालतो आहे, राग मानू नकोस.) गुडघे कसे आहेत? सांगलीला नवा डॉक्टर मिळाला, की अजून जुन्याशीच भांडते आहेस? इकडे आम्ही मजेत.

आकडेवारीच्या खात्यातून निवृत्त झालो तरी आकडे काही मला सोडत नाहीत. देशात नवे शोध, नव्या युक्त्या किती निघतात याची मोजणी चालली आहे, आणि त्यातले वीस लहान उद्योग माझ्या वाट्याला आले. गेल्या तीन वर्षांत तुम्ही नवीन काय केलंत, एवढंच विचारायचं. एकोणीस उद्योग बडोद्याजवळच्या सावली गावच्या औद्योगिक वसाहतीतले. एकोणीसही मालकांनी चहा पाजून, हात जोडून सांगितलं, "साहेब, नवुं तो कशुंय नथी." (नवीन म्हणून काहीच नाही!) त्यातले आनंदभाई हे सांगत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे कपडे धुण्याच्या मशीनचा जुना ड्रायर गरगरत होता, आणि आत कपडे नव्हे, बोल्ट! तेल निथळवायला! युक्ती कुणाची, विचारलं, तर म्हणतात, "ए तो मारी. पण एमां शुं लखवानुं?" (माझीच, पण त्यात लिहायचं काय?)

मी दोन पानं भरून लिहिलं. आमच्या वरिष्ठ आकांक्षाबाईंनी (वय सत्तावीस, पण फॉर्म तपासताना थेट आपले आजोबा) ती परत पाठवली. ग्राहकाचा सहीचा दाखला नाही, सबब शून्य. आनंदभाई दाखला आणायला तयार नाहीत, कारण युक्ती कळली तर ग्राहक भाव पाडतील. ताई, चाळीस वर्षं आकडे लिहिले, पण ते शून्य लिहिताना फार वाईट वाटलं.

घरी येऊन निरूला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय एवढं? मी चक्का तसाच करते." विसावा उद्योग म्हणजे तिचाच श्रीखंडाचा! दही फडक्यात बांधायचं, ड्रायरमध्ये ठेवायचं, दहा मिनिटांत चक्का. आणि मी दोन वर्षं साऱ्या सोसायटीला सांगत सुटलोय, की आमच्याकडे दही रात्रभर टांगतात. (खुंटी मी स्वतः ठोकली आहे. तिला निरू माझ्या समाधानासाठी रिकामं ओलं फडकं टांगते.) ड्रायरला कपडा म्हणून कधी लागलेला नाही, हे शपथेवर सांगतो. मला तिचा इतका अभिमान वाटला, की उरलेली भाजी मीच निवडली.

बाकी क्षेम.

तुझा,
सदानंद

ता. क. निरूचा फॉर्म आकांक्षाबाईंनी स्वतः भरला. आता अडलंय फक्त ग्राहकाच्या दाखल्यावर. पाडव्याला इथे आली होतीस तेव्हा श्रीखंडाची तिसरी वाटी घेताना तू सर्वांदेखत म्हणालीस, "हे हाताचं आहे, यंत्राला असं जमायचं नाही." तेच वाक्य, वाट्यांच्या संख्येसह, सही करून पाठव. नाहीतर माझ्या वीस उद्योगांपुरता देश शून्यावरच राहील.

आणखी एक. शपथ थोडी दुरुस्त करतो. पाडव्याला गॅलरीत ऊन यायचं होतं आणि तुला पूजेची घाई होती. तुझं सोवळं इतक्या लवकर कसं वाळलं, याचं तू कौतुक केलं होतंस. आधी सोवळं, मग चक्का. दाखल्यात हे लिहू नकोस.