रेघेच्या अलीकडे

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं. चौथी शिकलेल्या आजीने चष्मा पुसून पुसून वाचलं. पुलावर पोलिसांनी अडवलं, यंत्रात फुंकायला लावलं, लायसन काढून घेतलं. आपल्या बाजूला दोन ग्लास चालतात, पूल तिकडच्या सरकारचा म्हणून तिथे थेंबही चालत नाही, हा कुठला न्याय, असं विचारतेस. अगं, हद्दीची रेघ ओलांडली की कायदा बदलतो, पोटातली दारू नाही बदलत!

त्यावर कडी म्हणजे, मी कोर्टात सांगायचं की गाडी रेघेच्या अलीकडेच होती, मी गच्चीतून पाहिलं. आजी कधी खोटं बोलत नाही हे गावाला माहीत आहे, असंही लिहिलंस. ते वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

तुझे आजोबा बेकरीची गाडी चालवायचे. प्यायचे, हे मात्र मी तुझ्या आईपासूनही झाकलं. एका दुपारी पलीकडे पाव पोचवून आम्ही परतत होतो. रेघ दहा पावलांवर असताना त्यांनी पोस्टमनची सायकल उडवली. तेव्हा इकडे दंडावर सुटका होती, तिकडे सरळ कैद. आजोबा डोकं धरून बसले. माझं डोकं चाललं. आधी गाडी रेघेच्या अलीकडे ढकलली, मग सायकल आणली. मग मी पोस्टमनच्या काखेत हात घातले, आजोबांनी पाय धरले. तो गुरासारखा ओरडत होता. त्याची टोपी मागे राहिली होती. त्याला तसाच टाकून मी ती आणायला पळाले. पोलीस आल्यावर मी त्यांना म्हणाले, गाडी इथेच धडकली, उन्हात तडफडत होता म्हणून झाडाखाली सरकवला.

आजोबा सुटले. पोस्टमनचा पाय गेला. डॉक्टर म्हणाला, हलवला नसता तर पाय वाचला असता.

तेव्हापासून तो पोस्टाच्या खिडकीत बसतो. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही, माझीच गोष्ट त्याने खरी धरली. मी दिसले की लोकांना सांगतो, या वहिनींनी मला सावलीत नेलं म्हणून आज इथे आहे. रांग मोडून माझं पाकीट आधी घेतो. आणि तीस वर्षं मी निर्लज्जासारखी पुढे होऊन ते देते.

तेव्हा कोर्टात माझी वाट बघू नकोस. लायसन गेलंय, पाय नाही गेला कुणाचा. खाली मान घालून कबूल कर. हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. आज रांगेत शेवटी उभी राहीन, आणि नंबर आला की पत्र आधी त्यालाच वाचायला देईन. तुझ्या हाती आलं तर समज, त्याने वाचून वर शिक्का मारला. माझ्याशी बोलला की नाही, ते येशील तेव्हा सांगेन.

तुझीच,
आज रांगेत उभी राहणारी आजी