कौमुदीचं युनीचं गणित आणि माझे वीसपैकी सात

क्रेगीबर्न, मेलबर्न
१५ ऑगस्ट २०२०

ती. श्रीनाथमामांस,

चंद्रहासचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच मानून घ्यावा. पाच महिने डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर बसून ऑफिस केल्यावर दुसरं काय होणार!) तुमचा गुडघा काय म्हणतो? सांगलीत सकाळचं फिरणं मास्क लावून का होईना चालू आहे ना? आम्ही तिघं मजेत. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आहे, पण इंडियन दुकान साडेतीनवर असल्यामुळे मेधाची सरकारबद्दल काही तक्रार नाही. पोस्टाच्या विमानांचा भरवसा नाही, म्हणून कौमुदी या पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवील. (पोरीला मराठी फक्त बोलता येतं, वाचता येत नाही, तेव्हा निर्धास्त लिहितोय.)

तर हकिगत अशी. कौमुदी पुढच्या वर्षी बारावीत जाईल, आणि इथे गणितात बऱ्या असलेल्या मुलांना बारावीतच युनीच्या (म्हणजे युनिव्हर्सिटीच्या) पहिल्या वर्षाचं गणित घेता येतं. म्हणजे लग्नाआधीच सासरी जाऊन स्वयंपाक करून यायचा. मेधाचं म्हणणं, बारावी तरी सुखाने करू दे तिला. माझं म्हणणं, इंजिनिअरची मुलगी, सोडायचं कसलं? आणि जिने ठरवायचं ती म्हणे, ‘डनो, बाबा.’ (म्हणजे ‘काय माहीत’.) या दोन शब्दांवर आमचं घर तीन आठवडे लटकलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

सोमवारी युनीची एक लिंक आली. कौमुदीचा शाळेचा ऑनलाइन क्लास चालू होता. म्हटलं, फॉर्म भरून टाकू, तेवढंच पोरीचं ओझं कमी. (आपल्याकडे मुलांचे फॉर्म बापच भरतो. माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म अण्णांनी भरला होता, माझ्या सहीसकट.) तिचं नाव घातलं आणि भरत सुटलो. तिसऱ्या पानावर लक्षात आलं की हा फॉर्म नव्हे, परीक्षा आहे. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण माघार घेईन तर तुमचा भाचा कसला! वीस प्रश्न रेटून सोडवले आणि बटण दाबून टाकलं.

मामा, वीसपैकी सात. त्यातले दोन अंदाजपंचे.

मंगळवारी जेवताना कौमुदीला तिथल्या गणिताच्या बाईंची मेल आली. फार प्रेमाने लिहिलं होतं की घाई करू नकोस, आणखी एक वर्ष पाया पक्का कर. कौमुदीला वाटलं, शाळेतले मार्क बघूनच नाकारलं. ‘इट्स फाइन, मला नकोच होतं,’ म्हणाली आणि अर्धी पोळी ताटात टाकून उठली. डोळे भरले होते हो तिचे. ‘डनो, डनो’ करणाऱ्या पोरीला ते किती हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. तसाच उठलो. तिच्या खोलीच्या दारात उभं राहून सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘बाबा, सात?’ मग जी हसत सुटली! मेधा लाटणं हातात घेऊन आली, तीही हसायला लागली. माझी मेली लाज कुणाला!

मग कौमुदीने स्वतः बाईंना खरं काय ते कळवलं. बाईंनी ‘नो वरीज’ म्हणून पुन्हा संधी दिली. बुधवारी तिने दार आतून लावून परीक्षा दिली. अठरा! बाईंनी अभिनंदनाच्या मेलखाली, वडिलांना उपयोगी पडेल म्हणून, पायाभूत वर्गाची लिंकही जोडली होती. काल कौमुदीने ‘मी घेतेय’ म्हणून आम्हाला सांगितलं आणि फॉर्म स्वतः भरला. माझ्याकडे चहाचं काम होतं. चहा चांगला झाला होता.

मामींना नमस्कार.

आपला,
चंद्रहास

ता. क. मुख्य काम राहिलंच. मला पुन्हा अकरावीपासून गणित शिकवाल का? पुढच्या वर्षी पोरीचं काही अडलं आणि तिने मला विचारलं, तर काय तोंड दाखवू? रविवारी तुमच्या सकाळी दहाला, म्हणजे आमच्या अडीचला, मेधा आडवी होते आणि कौमुदी दार लावून कुणाशी तरी तासभर बोलत असते. कुणाला पत्ता लागायचा नाही.

ता. क. २ बारावीत तुम्ही मला गणितात कॉलेजात पहिला आणलं होतं, असं मी कौमुदीला सांगून ठेवलंय. विचारलंच तर सांभाळून घ्या.

ता. क. ३ हाय आजोबा! मी कौमुदी. फोटो काढताना सगळं वाचलं. फक्त ‘साष्टांग’ला दोनदा अडले. रविवारी दहाला आपला मराठीचा क्लास असतो ना, म्हणून बाबाला अकराची वेळ द्या. मला वाचता येतं हे त्याला अजून सांगू नका. आणि प्लीज त्याला नीट शिकवा, कारण माझं अडलं की मी त्यालाच विचारणार आहे.