बॅटरी तिरकी धरून

म्वांझा,
गुरुवार, १६ मार्च २०२३

प्रिय मिंझा,

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. सरोवरावरून ओला वारा येतोय, डागा मासळी वाळत नाही, म्हणून तुझी आई आभाळावर चिडलेली. तुझा खोकला गेला का? चहात आलं घालत जा.

घरचा मॉनिटर सोमवारी गेला. चालू केला की दोन सेकंद उजळायचा, मग काळा. खालचा हिरवा दिवा मात्र जळत राहायचा. मी मान हलवली. "पडदाच गेलाय. टाकून द्यायचा." तीस वर्षं रेडिओ-टीव्ही उघडतोय, माझा शब्द बाजारात चालतो.

तुझी आई म्हणाली, "मग रविवारी पोरीचं तोंड कुठे बघू? तुमच्या टकलात?" आणि जाता जाता, "मिंझा असती तर आधी बॅटरी मारून बघितली असती."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ती बाजाराला गेल्यावर दार लावून घेतलं आणि पडद्याशी बॅटरी तिरकी धरली. चित्र होतं. अगदी पुसट, पण सगळं जागच्या जागी. मधोमध तुझा आणि आईचा फोटो. पडदा धड होता, मागचा उजेड तेवढा मेला होता.

वायर काढली, मोठ्या कपॅसिटरमधली वीज बल्ब लावून उतरवली, पॉवरचा बोर्ड बाहेर घेतला. दोन छोटे कपॅसिटर वरून फुगलेले, लग्नात जेवून उठलेल्या पाहुण्यांसारखे. जुन्या डब्यातून तेवढ्याच ताकदीचे शोधले, उलटसुलट होऊ नयेत म्हणून दोनदा ताडून पाहिले, डाग दिले. लागला.

एवढ्यासाठी कागद कशाला, म्हणशील. फोनवर माझी जीभ अडते.

मासळीवाल्या बुलुगूचा टीव्ही आठवतो? मी म्हणालो, बोर्ड जळाला. तू त्याच्यादेखत म्हणालीस, "नाही बाबा, दोन कपॅसिटर फुगलेत." तुझंच खरं निघालं. बुलुगू हसला. "बाबा मिंझा, मिस्त्री तर पोरगी आहे. तुम्ही पिशवी धरा."

तुझा जन्म झाल्यापासून गाव मला तुझ्याच नावानं हाक मारतं. ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं. एका दुकानात दोन मिस्त्री नकोत, असं मी बोलून गेलो.

दुसऱ्या सकाळी अरुशाच्या बसला निघताना तू उंबऱ्यात थांबून थोरांना करतात तसा नमस्कार केलास. "शिकामू, बाबा." मी खाली वाकून स्क्रू शोधत राहिलो. कुठलाच स्क्रू पडला नव्हता.

वैऱ्याच्या पोरानं शिकामू म्हटलं तरी 'मरहबा' असं उत्तर दिल्याशिवाय आपल्यात कोणी पुढे जात नाही. मी पोटच्या पोरीला ते दिलं नाही.

दर रविवारी आईशी बोलून झालं की तू म्हणतेस, "बाबांना शिकामू सांग." आई म्हणते, "ते बाहेर गेलेत." मी भिंतीपलीकडे असतो. माझे कान शाबूत आहेत. चार वर्षांत एकही रविवार तू चुकवला नाहीस.

ते दोन फुगलेले कपॅसिटर पुडीत बांधून उद्याच्या बसनं पाठवतोय. तुझ्या कामाच्या टेबलावर ठेव. कोणी विचारलं तर सांग, बापाची चूक आहे, त्यानं स्वतः कबूल केलेली.

येत्या रविवारी मी खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसणार आहे. तुझं तोंड समोर आल्यावर जीभ पुन्हा अडली तर, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मरहबा, लेकी.

बाबा मिंझा