श्रेयाच्या पायाचा काळा दोरा

प्रिय राजनंदिनी,

व्हय गं बाई, जेवती ती. अर्धा दूधभात खाती अन् अर्धा माझ्या पदराला पुसती. रोज फोनवर तेच इचारतीस, अन् मी सांगायला तोंड उघडलं की गोकुळ फोन वढून घेतो. एवढं बायकोयेडं आमच्या घराण्यात कुणी न्हवतं, तुझा सासरा तर लग्नात बी माझ्याकडं न बघता बैलांकडं बघत व्हता. म्हणून लिवायला बसले. सातवीपातुरची शाळा माझी, चुका काढू नकोस. इंदापुरात माहेरी पाय पसरून बसलीयस, आठवा सरत आला, तुला काय काम हाय दुसरं?

हितं कन्हेरीत वांगी तोडायला आली. श्रेया वाफ्यात बसून बोटाएवढी कवळी वांगी तोडायची अन् मोठ्या तोऱ्यात माझ्या वट्यात टाकायची. डाऊन सिंड्रोमची पोरं उशिरा चालत्यात म्हणून किती रडली व्हतीस तू! चालाय लागली तवा तिच्यामागं पळून माझं गुडघं गेलं. हल्ली मातुर पळत न्हाय. कडेवर घे म्हणती.

थांब, दूध बघून आले. उतू न्हाय गेलं. तिसऱ्यांदा उठले बघ.

तू गेल्यावर नजर नको म्हणून तिच्या पायात काळा दोरा बांधला. घोट्यापाशी निळं डाग दिसलं. मला वाटलं, आवळलाच दोरा. कापून टाकला. तर डाग पोटावर, पाठीवर आलं. तितं कुठं दोरा व्हता? शेजारची चंद्राबाई म्हणाली, आजी चिमटं काढती जणू. म्हणलं, सुनंला काढलं न्हाईत ते नातीला काढीन व्हय? हसलो दोघी. मग ताप आला, अन् उतरंना.

बारामतीला नेलं. दोनदा वकली व्हती, म्हणून माझ्या मनात आलं, डोक्यात गाठ-बिठ असंल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या डाऊनच्या पोरांत डोक्यातली गाठ तशी कमीच सापडती, पण रक्ताचा आजार इतर पोरांपरीस जास्त, तवा रक्त बघू. एवढ्या लहानपणी निघाला तर औषध चांगलं लागू पडतं, पण सोसायला जड जातं, लई जपावं लागतं, असं बी म्हणाल्या. सुई टोचणाऱ्या पोराला श्रेयानं पापा दिला. लाजून लाल झालं बिचारं. तुझ्यावर न्हाय गेली, माझ्यावर गेली.

मग पुण्याला जाऊन कमरंच्या हाडातलं बी तपासलं. त्या दिवशी तुझा फोन आला तवा श्रेया झोपलीय म्हणले मी. झोपली न्हवती. माझ्या मांडीवर रडत व्हती.

गोकुळनं शपथ घातलीय, तू मोकळी व्हईस्तोवर काय सांगायचं न्हाय. तुझ्या अन् पोटातल्याच्या काळजीनं म्हणतो, त्याचं बी खोटं न्हाय. पण सोमवारी तिला ॲडमिट करायचंय, किती महिनं ठेवत्यात कुणाला ठावं. तू मुका घेतल्याबिगर ती जावी, हे माझ्या गळी उतरंना. कुंडलिकचा टेम्पो सकाळी इंदापूरच्या मार्केटला जातो, त्याच्या हाती ही चिठ्ठी धाडते. आईला जवळ बसवून वाच. येताना टेम्पोत बसू नकोस, लई आदळतो. भावाला गाडी काढायला लाव.

श्रेयाला रक्ताचा कॅन्सर झालाय, राजनंदिनी.

तुझीच,
आत्याबाई